ज्वारीच्या बारा बाटल्या

आमच्या शहरात बियरचे कारखाने आहेत आणि नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी येतं. बाहेरगावचे पाहुणे हे ऐकून आधी हसतात, मग आंघोळीला जातात आणि बादली बघून गप्प होतात. अशा गावात, कोपऱ्यावरच्या दुकानात हवी ती बाटली थंडगार मिळत असताना, आम्ही चार शहाणी माणसं ती घरी करत बसलो होतो. या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली.

चौघांतला एक मी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो. आमच्या घराण्यात पणजोबांपर्यंत भिक्षुकी, आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, वडील कोर्टात कारकून. पोलिस ॲक्शननंतर कागदावरची उर्दू जाऊन मराठी आली, पण आमचं टेबल काही हललं नाही. आचमनापलीकडे काही प्यायची आमच्याकडे रीत नव्हती. त्यामुळे मी पिण्याचं नाव काढायचो नाही, 'प्रयोग' म्हणायचो.

दुसरे छावणीतले निवृत्त सुभेदार. त्यांच्या दगडी बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात आमची बैठक भरायची. तिसरे दातांचे डॉक्टर. चौथे एका बियरच्या कारखान्याच्या माल तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना आम्ही तपासनीसच म्हणायचो. कायद्याच्या लेखी आम्ही चौघं कोण ठरतो हे कधी कुणाला विचारलं नाही. सुभेदार म्हणायचे, "पूछना नक्को, कोई बताया तो सुनना नक्को." एवढ्यावर कायद्याचा विषय संपायचा.

रविवारी चार वाजता जमायचं. प्रत्येकानं आधी आठवड्यात काय प्यायलं ते सांगायचं. हा भाग फार गंभीरपणे चालायचा. डॉक्टर डोळे मिटून सांगत, की बुधवारी त्यांनी मागच्या हिवाळ्यातली एक बाटली उघडली आणि घोट उतरता उतरता त्यांना मनुकांचा भास झाला. आम्ही माना हलवायचो. मनुका डॉक्टरांच्या घरात बारा महिने असत, त्यांना बद्धकोष्ठ होतं. तपासनीस कुठल्याही बियरबद्दल एकच सांगत, की कारखान्यात अशी असती तर त्यांनी सही केली नसती. सुभेदार जे काय प्यायचे ते सगळं त्यांना कुठल्या ना कुठल्या ठाण्यातल्या बियरची आठवण करून द्यायचं, आणि ते ठाणं नेहमी अशा डोंगरात असायचं की आम्हाला जाऊन खात्री करता येऊ नये.

मग स्वतःच्या बाटल्या उघडायच्या. इथं आमचा एक कडक नियम होता. दुसऱ्याच्या बियरला वाईट म्हणायचं नाही. हा नियम असाच आला नव्हता. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी तपासनीसांची बियर एक घोट घेऊन "फिनेल" एवढंच म्हटलं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नापास केला तो माणूस उठला, चप्पल घातली आणि तीन महिने फिरकला नाही. यीस्टची पाकिटं फक्त त्यांच्याच ओळखीनं मिळायची, म्हणून तेही तीन महिने बंद. शेवटी डॉक्टरांनी त्यांची कवळी फुकट बसवून दिली तेव्हा तह झाला. तेव्हापासून आम्ही शब्द ठरवून घेतले. गढूळ असली तर 'भरीव'. वास मारत असली तर 'बोलकी'. फसफसून छताला लागली तर 'उत्साही'. आणि घशाखाली उतरतच नसली तर 'धाडसी'. हा शेवटचा शब्द मी काढलेला आहे, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान होता.

माझी स्वतःची बियर बहुतेक वेळा धाडसीच असायची. एकदा माझ्या सहा बाटल्या माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी फुटल्या. बायकोनं थर्माकोलचा चिकट झालेला कळस हातात धरून विचारलं, "हे रसायनशास्त्र का?" मी म्हटलं, दाबाचा अंदाज चुकला. ती म्हणाली, "पस्तीस वर्षं मुलांना हेच शिकवलंत ना?" त्या रविवारी मी ही हकीकत व्हरांड्यात सांगितली तेव्हा तिघांनी मिळून ती बियर 'उत्साही' ठरवली. घरी अपमान आणि व्हरांड्यात सत्कार, अशी आमची सोय होती.

या सोयीत एक नवशिके आले.

ते डॉक्टरांचे पेशंट. दाढ काढून घ्यायला तोंड उघडून बसले असताना डॉक्टरांनी त्यांना अर्धा तास बियर कशी करतात ते सांगितलं. बोलता येत नव्हतं म्हणून ते गप्प होते, आणि गप्प आहेत म्हणजे त्यांना रस आहे असं डॉक्टरांना वाटलं. नेमका त्यांना खरंच रस होता. पुढच्या रविवारी ते सुजलेला गाल घेऊन हजर झाले. वय पंचावन्न, तहसील कचेरीत अव्वल कारकून, मूळचे पिशोरचे, घरची शेती. बगलेत एक नवीकोरी फाईल होती. त्यांनी आम्हा प्रत्येकाला वाकून नमस्कार केला. आमच्यापुढं आजवर कुणी वाकलं नव्हतं, आम्ही लगेच विरघळलो.

"मला बियर शिकवा," ते म्हणाले, "पर ज्वारीची. घरची ज्वारी हाय."

आमचे मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे बार्ली, पुण्याहून कुरियरनं यायचे, आणि खोकं उघडताना डॉक्टर हात धुऊन यायचे. तपासनीस म्हणाले, "ज्वारीची भाकरी होते." सुभेदारांनी एका पहाडी ठाण्यावर लोक मक्याची करतात असं सांगून मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला. मी म्हणालो, ज्वारीला टरफल नसतं, ती शिजली की खळ होते, गाळायला गेलं की कापड तुंबतं. हे सगळं खरं होतं. मला ते माहीत होतं याचाच मला जास्त आनंद झाला होता.

"चालंल," ते म्हणाले, आणि फाईल उघडून लिहू लागले.

चार रविवार आम्ही त्यांना शिकवलं. शिकवणं म्हणजे काय, प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाठ करून सल्ला द्यायचा. सुभेदार म्हणाले, घड्याळ लावून तासभर उकळा. तपासनीस म्हणाले, वीस मिनिटांच्या वर उकळलंत तर मला विचारायला येऊ नका. डॉक्टरांनी सगळी भांडी कवळ्या धुवायच्या औषधात बुडवायला लावली आणि पिंपाच्या झाकणाला बसवायला सलाईनची नळी दिली. मी त्यांना रोज तापमान नोंदवायचा तक्ता आखून दिला. एकदा मी त्यांची फाईल चाळली. आमचे सगळे सल्ले क्रमांक घालून लिहिले होते, आणि खाली कचेरीतल्यासारखा शेरा होता, 'मुद्दा ४ व मुद्दा ५ परस्परविरोधी आहेत. दोन्हींचा मान राखून चाळीस मिनिटे उकळावे.'

मला हसू आलं, आणि मी ते बायकोला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "त्या बिचाऱ्याला वाटतंय तुम्हाला काही येतं."

त्यांच्याकडे नळ सोमवारी आला होता, म्हणून त्यांनी ज्वारी त्या दिवशी भिजत घातली. मी पाहायला गेलो. गच्चीवर ओल्या पोत्यात मोड येत होते. तीन दिवसांनी त्यांनी ती उन्हात वाळवली, दोन्ही हातांनी मोड चोळून चोळून काढले, पाखडली आणि गिरणीत भरडायला नेली. मोड आलेलं धान्य कशाला भरडताय असं गिरणीवाल्यानं विचारल्यावर ते म्हणाले, सरकारी काम आहे. गिरणीवाल्यानं पुढं काही विचारलं नाही.

गच्चीवरच चहा घेताना त्यांनी मला सगळं सांगितलं. आम्हा चौघांत त्यांनी ते फक्त मला सांगितलं, कारण मी मास्तर होतो.

ही ज्वारी त्यांच्या थोरल्या भावानं पाठवली होती. अकरा वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. वाटणीच्या वेळी विहीर धाकट्याच्या गटात गेली. धाकटा तहसिलात, म्हणजे त्यानंच कागद फिरवले असणार असं थोरल्यानं धरलं.

"मी लबाडी केली नाय, सर," ते म्हणाले. "पर मोजणीचा नकाशा माझ्या टेबलावरून गेला व्हता. इहीर माझ्याकडं येतीय हे मला सहा महिने आधी दिसलं व्हतं. दादाला सांगितलं नाय. म्हटलं, कळंल तवा कळंल."

"आणि मग?"

"कळलं की. दुसऱ्याच्या तोंडून."

आणि अकरा वर्षांनी, या वर्षीच्या सुगीनंतर, पिशोरहून येणाऱ्या जीपमधून ज्वारीचं एक पोतं आलं. निरोप नाही, चिठ्ठी नाही. पोत्याचं तोंड मात्र दादानंच शिवलेलं होतं, ते त्यांना टाक्यावरून कळलं.

"त्याच्या भाकरी का नाही करत?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांची आई उन्हाळ्यात ज्वारीची आंबील करायची, पीठ रात्रभर आंबवून. एका सुट्टीत दादानं गाडगंभर आंबील शेतातल्या खोपीत नेऊन चार-पाच दिवस झाकून ठेवली. ती फसफसली. दोघांनी ती पिऊन टाकली आणि खोपीतच झोपले. गुरं शेजाऱ्याच्या मक्यात शिरली. बापानं चाबूक घेऊन विचारलं, कुणाची अक्कल ही? दादा म्हणाला, माझी, ह्यानं तोंडबी लावलं नाय.

"ती चव मला आजबी याद हाय," ते म्हणाले. "त्याच ज्वारीची केली, त्याला बोलावलं, अन् एक गिलास हातात दिला, तर त्याला कळंल. मला बोलायला लागणार नाय. बोलायला गेलो तर माझ्यानं व्हणार नाय, सर."

मी मान हलवली आणि त्यांना सांगितलं, की पिंपाचं तापमान वीसच्या वर जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात, आमच्या शहरात, गच्चीखालच्या खोलीत.

महिन्याभरानं त्यांनी बारा बाटल्या भरल्या. सुभेदारांच्या मागच्या खोलीच्या भिंती दोन हात जाड, ती खोली थंड, म्हणून बाटल्या तिथंच ठेवायचं ठरलं. प्रत्येक बाटलीवर त्यांनी कचेरीतल्या डिंकानं कागद चिकटवला होता. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'ज्वारी, पिशोर.' चाखण्यापुरती एक छोटी तेरावी बाटली त्यांनी वेगळी भरली होती, ती त्यांनी पुढच्या रविवारी व्हरांड्यात उघडली.

ती राखाडी होती. फेस आला आणि लगेच बसला. वास आंबट, नाकात जाणारा. मी घोट घेतला आणि माझ्या तोंडानं स्वतःहून 'धाडसी' हा शब्द तयार केला. सुभेदार म्हणाले, "भरीव." डॉक्टर म्हणाले, "बोलकी आहे." तपासनीस पेल्यात बघत म्हणाले, "हिला अजून जरा वेळ द्या." मी माझा शब्द उच्चारला. त्यांनी चारही शब्द फाईलमध्ये उतरवून घेतले. नियम त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. आमचे शब्द त्यांनी खरे धरले.

"मंग पुढल्या रविवारी दादाला बोलावतो," ते म्हणाले. "फोन केला व्हता. म्हटलं, तुझ्या ज्वारीचं काहीतरी केलंय, प्यायला ये. बघतो म्हणला. येईल तो. तुम्ही चौघंबी पाहिजेत. मी एकटा त्याच्यापुढं बसू शकत नाय."

ते गेल्यावर व्हरांड्यात जे घडलं ते आमच्या मंडळाच्या इतिहासात एकदाच घडलं. आम्हा चौघांचं एकमत झालं.

तपासनीस म्हणाले, पूर्ण आंबलेली आहे, जंतू शिरलेत. डॉक्टर म्हणाले, माणूस घोट घेऊन थुंकला तर काय तोंड राहील. सुभेदार म्हणाले, "मेहमान के सामने बेइज्जती नक्को." आणि मी, ज्याला आंबील माहीत होती, खोप माहीत होती, चाबूक माहीत होता, त्या मी तिघांना भावाभावांतलं भांडण समजावून सांगितलं आणि म्हणालो, अकरा वर्षांनी येणाऱ्या माणसाला ही देऊन चालणार नाही. आंबट म्हणजे बिघडलेली, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की त्यांना नेमकं आंबटच हवं होतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी पस्तीस वर्षं मुलांच्या प्रयोगवह्या तपासल्या. पुस्तकातलं उत्तर आलं नाही की लाल रेघ मारायची.

बेत तपासनीसांचा. त्यांच्या जुन्या कारखान्याच्या बारा बाटल्या आणायच्या, त्यांचे कागद भिजवून काढायचे, आणि ज्वारीच्या बाटल्यांवरचे कागद सोडवून यांना लावायचे. गुरुवारी दुपारी आम्ही हे काम केलं. डॉक्टरांचा हात हलका, कागद त्यांनीच सोडवले, एकही फाटला नाही. आम्ही इतक्या निगुतीनं आमची स्वतःची बियर कधी केली नव्हती. ज्वारीच्या बाटल्यांचं काय, असा प्रश्न आला. घरात ठेवल्या आणि त्यांनी पाहिल्या तर? म्हणून बाराच्या बारा मोरीत ओतल्या. सुभेदारांचा कुत्रा आला, मोरीच्या तोंडाशी चाटू लागला, हाकलला तरी पुन्हा पुन्हा येत राहिला. आम्ही त्यालाही हसलो.

रविवारी चार वाजता दादा आले. साठी उलटलेली, पांढरा पायजमा, टोपी, हातात कापडी पिशवी. ते वेताच्या खुर्चीच्या कडेवर बसले. धाकट्या भावानं वाकून पाया पडल्यावर त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि अर्ध्यातूनच परत मांडीवर ठेवला. मग तपासनीसांनी फेसाबद्दल माहिती द्यायला सुरुवात केली. कुणी बोलत नसलं की ते फेसाबद्दल बोलत.

नवशिक्यांनी बाटली उघडली. पेल्यात बियर ओतली. सोनेरी, स्वच्छ, आरपार दिसणारी. ते क्षणभर बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"सर," ते मला म्हणाले, "आठ दिसात बसली की हो. काय रंग धरलाय."

त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो, आणि दर वेळी मला माझी लाज वाटते. ते स्वतःवर खूश झाले होते.

दादांनी पेला हातात घेतला, आधी वास घेतला. मग एक घोट. थोडं थांबून दुसरा घोट. मग पेला जमिनीवर ठेवला.

"ही बियर हाय," ते म्हणाले.

"व्हय दादा."

"बियर मला म्हायती हाय. लासूर टेशनला कांदा इकायला जातो तवा पितो आम्ही. ही तीच हाय." त्यांनी पेल्याकडे बोट केलं. "ह्यात माझी ज्वारी कुठाय?"

नवशिक्यांनी दुसऱ्या पेल्यात ओतून स्वतः घोट घेतला. त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी बाटलीवरचा कागद नखानं चाचपला. मग आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे, क्रमानं. सुभेदार कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा नीट करत होते. डॉक्टर चष्मा पुसत होते. तपासनीसांना पहिल्यांदाच फेसाबद्दल काही सांगायचं नव्हतं. मी माझ्या पेल्यात बघत होतो. आमच्यातला एक जण एक वाक्य बोलला असता तरी पुरे होतं. मी ते वाक्य मनात जुळवत होतो, कर्ता, कर्म, सगळं.

"दादा," ते म्हणाले, "ज्वारीची बिघडली. तू येणार म्हून ही म्या इकत आणली, अन् वरून कागद लावले."

दादांनी पिशवी उचलली.

"मंग सांगायचं व्हतं," ते म्हणाले. उभे राहिले. "तवाबी सांगायचं व्हतं."

आणि फाटकातून बाहेर पडले. सुभेदार "अहो, बसा, बसा" म्हणत पाच पावलं गेले आणि परत आले.

आम्हाला वाटलं, आता शिव्या बसतील. मला तर त्या हव्या होत्या. पण नवशिक्यांनी सगळे पेले गोळा केले, मोरीवर नेऊन धुतले, उपडे घातले. मोरीपाशी ते जरा थबकले, तीन दिवसांनीही तिथं आंबूस वास होता. मग हात पुसले, फाईल उचलली आणि आम्हा प्रत्येकाला पहिल्या दिवशीसारखाच वाकून नमस्कार केला. त्या नमस्काराची परतफेड अजून आमच्यापैकी कुणाला करता आलेली नाही.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. आम्ही जमलो. कुणी विषय काढला नाही. डॉक्टरांनी बुधवारी काय प्यायलं ते सांगितलं. तपासनीसांनी नवी बाटली उघडली, तिला टाकीतल्या शिळ्या पाण्याचा वास होता, आणि मी "बोलकी आहे" असं म्हणालो. त्यानंतरच्या रविवारीही तेच. बायकोला मी एव्हाना सगळं सांगितलं होतं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "त्यानं तुमची अब्रू झाकली. तुम्ही काय करणार?" मी म्हटलं, आता त्यांच्या घरच्या भानगडीत पडणं बरं दिसत नाही. ती म्हणाली, "पडलात की आधीच." आणि पुन्हा चिरू लागली.

तिसऱ्या आठवड्यात मी पिशोरच्या बसमध्ये बसलो. व्हरांड्यात कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यावर चर्चा होऊन एक समिती झाली असती.

दादांचं घर बाजाराच्या मागे. ते अंगणात बसून मक्याची कणसं सोलत होते. त्यांनी मला ओळखलं, पण ओळखल्यासारखं केलं नाही. बसायला पोतं सरकवलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, चाबकापासून मोरीपर्यंत. वाक्य आधी जुळवलेलं नव्हतं म्हणून ते वेडंवाकडं झालं. तुमचा भाऊ खोटं बोलला तो आमची अब्रू राखायला, त्याच्या बाटल्या त्याच्या नकळत बदलल्या त्या आम्ही, आणि ती कल्पना उचलून धरणारा मी.

ते सोलत राहिले.

"तुम्ही मास्तर ना?"

"हो."

"बाराच्या बारा फेकल्या?"

"हो."

"पर तुम्ही चाखली व्हती की. आधी."

"चाखली होती."

त्यांचे हात थांबले. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"कशी लागत व्हती?"

मी तोंड उघडलं, आणि माझ्या जिभेवर तो एकच शब्द आला. तो मी गिळला. मग आठवायचा प्रयत्न केला. रंग आठवला. वास आठवला. फेस किती सेकंदांत बसला ते आठवलं. तिघांनी काय काय शब्द वापरले तेही आठवलं. चव आठवेना. त्या घोटाच्या वेळी मी तिला काय म्हणायचं ते शोधत होतो, आणि ती तशीच घशाखाली गेली होती. जगात त्या ज्वारीची तेवढीच झाली होती, ती पाच माणसांनी चाखली होती, आणि मी त्यांतला एक असून मला काहीच सांगता येत नव्हतं.

"आंबट होती," मी म्हणालो.

"आंबट कशी? ताकासारखी? का चिंचंसारखी?"

"मला नाही सांगता येत."

ते जरा वेळ वाट बघत राहिले, अजून काही निघेल म्हणून. मग उठले. रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, तोंड धुतलं, आत जाऊन टोपी घालून आले. आतल्या कुणाला तरी म्हणाले, "शहरात जाऊन येतो. मुक्कामबी पडंल."

परतीच्या बसमध्ये ते माझ्या पुढच्या सीटवर बसले. मी माझं तिकीट काढताना त्यांचंही काढायला गेलो तर त्यांनी कंडक्टरकडे स्वतःची नोट आधीच धरली होती. दोन तासांत ते एकदाही मागं वळले नाहीत. स्टँडवर उतरल्यावर मी म्हणालो, रिक्षा करू, तुमच्या भावाच्या घरापर्यंत सोडतो, मीही येतो, त्यांच्यासमोर सांगतो.

"घर म्हायती हाय मला," दादा म्हणाले. "चव त्यालाच इचारतो. तुम्ही नका येऊ."